पैसा हाती, हिशेब सुटलेला : एडीएचडी असलेल्या प्रौढांचे अर्थनियोजन

छत्रपती संभाजीनगर (प्रतिनिधी) : महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार जमा झाल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत, सिडकोतील कार्यालयांत आणि गुलमंडीवरील दुकानांत काम करणारी माणसे त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत महिन्याची देणी भागवून मोकळी होतात. काही घरांत मात्र निराळेच घडते. खात्यात रक्कम शिल्लक असूनही विजेचे बिल भरायचे राहून जाते. क्रेडिट कार्डाची तारीख टळते. विम्याच्या हप्त्याचे पत्र न उघडताच कपाटात पडते. निराला बाजारात सहज फेरफटका मारताना मात्र नको असलेली वस्तू हजारो रुपयांना घरी येते. महिनाअखेरीस हातउसने मागण्याची वेळ आली की घरातील मंडळी म्हणतात, 'हा पहिल्यापासूनच उधळ्या.' तो स्वतःही तसेच मानू लागतो.

यांतील प्रत्येक जण बेफिकीर असतो असे नाही. काहींच्या बाबतीत या वागण्यामागे एक वैद्यकीय कारण असते. 'अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर' अर्थात एडीएचडी हा विकार आपल्याकडे अद्याप शाळकरी मुलांचा मानला जातो. परंतु ही मुले मोठी होतात, नोकरीला लागतात, कर्ज काढतात आणि संसार मांडतात. वर्गात वही हरवणारा मुलगा पुढे कर्जाच्या हप्त्याची तारीख हरवतो. फरक एवढाच, की वहीसाठी शिक्षकांची बोलणी खावी लागत; हप्त्यासाठी दंड, व्याज आणि प्रसंगी न्यायालयाची पायरी वाट्याला येते.

विकार नेमका काय?

लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये 'अवधानाची न्यूनता' हे नाव आले आणि १९८७ मध्ये त्याला 'अतिचंचलता' हा शब्द जोडला गेला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने प्रौढांसाठीचे निकष अधिक स्पष्ट केले. त्यानुसार १७ वर्षांवरील व्यक्तीत अनवधानाची किंवा अतिचंचलता-आवेगशीलतेची किमान पाच लक्षणे असावी लागतात. त्यांतील काही लक्षणे वयाच्या १२ व्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत आणि घर, नोकरी, शिक्षण यांपैकी किमान दोन ठिकाणी त्यांचा उपद्रव जाणवावा, असेही त्यात नमूद आहे.

जगभरातील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण पाहता प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे अडीच टक्के आढळते. म्हणजे दोनशे माणसे काम करणाऱ्या एखाद्या कारखान्यात अशा चार-पाच व्यक्ती असू शकतात. विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळेच मुलाची तपासणी करण्यासाठी आलेल्या आई-वडिलांना प्रश्नावली भरताना स्वतःचेच बालपण आठवू लागते, असा प्रकार सर्वत्र दिसतो. प्रौढपणी धावपळ व उड्या कमी होतात. आतली अस्वस्थता, विसराळूपणा, कामांची टाळाटाळ आणि उतावीळपणा मात्र राहतो. स्त्रियांमध्ये अनेकदा अतिचंचलता ठळक नसते. त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विसरभोळेपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइडचे दोष आणि व्यसन यांमुळेही चित्त एकाग्र होत नाही. एरवी काटकसरी असलेली व्यक्ती अचानक काही आठवडे उधळपट्टी करू लागली, तर त्यामागे द्विध्रुवीय विकारासारखे वेगळे कारणही असू शकते. एडीएचडीची लक्षणे लहानपणापासून सलग चालत आलेली असतात. म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच व्हावे. समाजमाध्यमांवरील चाचण्या त्यासाठी पुरेशा नाहीत.

पैशाशी संबंध कोठे येतो?

घरखर्च चालविणे हे वरकरणी गणिताचे काम वाटते. प्रत्यक्षात बेरीज-वजाबाकी हा त्यातील सर्वांत सोपा भाग होय. तारीख ध्यानात ठेवणे, कामांचा क्रम लावणे, कंटाळवाणे काम सुरू करणे, मोह आवरणे आणि पुढच्या वर्षीच्या गरजेसाठी आजची इच्छा बाजूला सारणे, या क्षमतांवर खरा भार पडतो. मानसशास्त्र त्यांना 'कार्यकारी क्षमता' म्हणते. एडीएचडीत नेमक्या याच क्षमता दुबळ्या असतात. म्हणूनच हिशेबात हुशार असलेल्या अभियंत्याचे किंवा लेखापालाचेही घरचे हिशेब विस्कटलेले असू शकतात.

या विकाराचे अभ्यासक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी काळाच्या जाणिवेतील दोषावर विशेष भर दिला आहे. अशा व्यक्तीच्या दृष्टीने काळाचे दोनच भाग असतात : 'आत्ता' आणि 'नंतर कधीतरी'. वीस तारखेचा हप्ता एकोणीस तारखेपर्यंत 'नंतर'च्या अंधारात असतो. दुसरी बाब म्हणजे, उशिरा मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा ताबडतोब मिळणारा लहान लाभ अधिक ओढ लावतो. हा कल सर्व माणसांत असतो. एडीएचडीत तो अधिक तीव्र असतो, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. निवृत्तीसाठीची गुंतवणूक म्हणूनच मागे पडते आणि सणासुदीची सवलत पुढे येते.

तिसरी बाब मनाची आहे. दोन-तीनदा दंड बसला की बँकेचा संदेश उघडण्याचीच भीती वाटू लागते. न उघडलेले पाकीट मनावर ओझे टाकते, ओझ्यामुळे टाळाटाळ वाढते आणि टाळाटाळीतून पुन्हा दंड बसतो. हे चक्र बाहेरून आळसासारखे दिसते, पण त्याच्या मुळाशी बहुधा लाज असते.

स्वीडनमधील लोकसंख्येच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एडीएचडीचे निदान असलेल्या व्यक्तींकडून कर्ज थकण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. आर्थिक ओढाताण आणि आत्महत्येचा धोका यांचा संबंधही त्या अभ्यासाने दाखविला. त्यामुळे या प्रश्नाकडे केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

विसरण्याची किंमत

पाश्चात्त्य देशांत या विकारामुळे भराव्या लागणाऱ्या दंड-व्याजाला लोक 'एडीएचडीचा कर' असे गमतीने म्हणतात. आपल्याकडील त्याचा हिशेब पाहण्याजोगा आहे.

समजा, एकाच्या क्रेडिट कार्डाचे बिल २०,००० रुपये झाले. त्याने त्या वेळी किमान देय रक्कम म्हणून १,००० रुपये भरले. उरलेल्या १९,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर महिन्याचा भुर्दंड सुमारे ७८५ रुपये होतो. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा १,००० रुपये भरले, तर मूळ कर्ज केवळ २१५ रुपयांनी कमी होईल. साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो. वर्षाला तो ४२ टक्के पडतो.

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. सहा हजारांचा कर एक वर्ष विसरला, तर १,४४० रुपये वाढतात. वर्षातून एकदाच येणारे देणे विसरण्याची शक्यता दरमहा येणाऱ्या देण्याहून अधिक असते, हेही ध्यानात घ्यावे. प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीनंतर भरल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडते. उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्यास ते १,००० रुपये असते. भविष्य निर्वाहाच्या पीपीएफ खात्यात वर्षाला किमान ५०० रुपये भरले नाहीत, तर खाते खंडित होते. ते पूर्ववत करण्यासाठी थकलेल्या प्रत्येक वर्षाचे किमान ५०० रुपये व ५० रुपये दंड द्यावा लागतो.

ही सर्व नुकसाने पैशांत मोजता येतात. काही चुका त्याहून महागात पडतात. आयुर्विम्याचा हप्ता भरण्यासाठी मासिक पद्धतीत १५ दिवसांची, तर इतर पद्धतींत ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. ती उलटली की संरक्षण संपते. त्यानंतर दुर्घटना घडल्यास कुटुंबाच्या हाती काय लागेल, याचा विचार करावा.

कर्जाचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होताना पुरेशी शिल्लक नसेल, तर बँक शुल्क आकारते एवढेच अनेकांना ठाऊक असते. २००७ च्या देयक व समायोजन प्रणाली कायद्याच्या कलम २५ नुसार असा इलेक्ट्रॉनिक आदेश परत जाणे हा धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास खटला टळतो. मात्र जो माणूस पाकिटेच उघडत नाही, त्याचे हे १५ दिवस कपाटातच संपतात.

निदान आणि उपचार

शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजेच घाटीत, मनोविकारशास्त्राचा बाह्यरुग्ण विभाग आहे. एमजीएम रुग्णालयात तसेच खासगी मनोविकारतज्ज्ञांकडेही तपासणी होऊ शकते. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत. शिक्षकांचे 'हुशार आहे, पण लक्ष नसते' यासारखे शेरे निदानास उपयोगी पडतात. बालपण पाहिलेले आई, वडील किंवा मोठे भावंड सोबत असल्यास उत्तम.

उपचारांत मिथाइलफेनिडेट व अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. मिथाइलफेनिडेटचा समावेश औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत असल्याने त्याची विक्री कडक नियमांनुसार होते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत विक्रेत्याला जपून ठेवावी लागते. प्रत्येक औषध दुकानात ते मिळत नाही. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच सोय करावी. औषधाने लक्ष टिकविण्यास साहाय्य होते. हिशेबाची सवय मात्र वेगळी लावावी लागते. त्यासाठी वर्तनोपचाराचा उपयोग होतो.

खर्चाच्या दृष्टीने एक तरतूद महत्त्वाची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांच्या धर्तीवरच वैद्यकीय विमा उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च सर्वच पॉलिसींत मिळत नाही, म्हणून अटी वाचून घ्याव्यात. मन फार खचले असल्यास केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून ती मराठीतही उपलब्ध आहे.

घडी कशी बसवावी?

'निश्चय करा, नोंदी ठेवा, मन आवरा' हा सर्वसाधारण सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. दृष्टी अधू असलेल्याला डोळे ताणून वाचण्यास सांगण्यासारखे ते आहे. त्याला चष्मा लागतो. एडीएचडी असलेल्या व्यक्तीलाही शिस्तीची घडी डोक्याबाहेर, खात्यांत आणि घरात बसवावी लागते.

पहिली पायरी खात्यांची. एकाच खात्यात सगळा पगार दिसला की तो सगळा खर्चासाठी आहे असे वाटते. म्हणून तीन खाती असावीत. पहिल्यात पगार जमा व्हावा. दुसरे खाते देण्यांचे. घरभाडे, कर्जाचे हप्ते, विमा, वीज व शाळेची फी यांची रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कायम आदेशाद्वारे त्यात वळती व्हावी. तिसरे खाते रोजच्या खर्चाचे. त्यात दर सोमवारी ठरावीक रक्कम यावी. यूपीआय व डेबिट कार्ड फक्त या तिसऱ्या खात्याला जोडावे. शिल्लक संपली की आठवडा संपला, हा नियम आपोआप पाळला जातो. अधिक खाती घेताना किमान शिल्लक न लागणारी खाती निवडावीत, अन्यथा दंडाचे नवे दार उघडते.

दुसरी पायरी तारखांची. निरनिराळ्या तारखांना येणारी देणी पगारानंतरच्या दोन-चार दिवसांत आणावीत. कर्जाच्या हप्त्याची तारीख बदलून देण्याची विनंती बँकेला करता येते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार क्रेडिट कार्डाचे बिलचक्र किमान एकदा बदलून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. नियत तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक विलंब झाल्याशिवाय कार्ड कंपनीला विलंब शुल्क लावता येत नाही, हेही ठाऊक असावे.

तिसरी पायरी स्वयंचलित भरण्याची. क्रेडिट कार्डासाठी 'किमान रक्कम' न निवडता 'पूर्ण रक्कम' वळती होण्याचा आदेश द्यावा. मात्र स्वयंचलित भरणा हे दुधारी शस्त्र आहे. न वापरलेल्या वाहिन्या, अ‍ॅप आणि व्यायामशाळांची वर्गणीही त्याच मार्गाने जात राहते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार कार्डावरील अशा वळत्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी येणे आवश्यक आहे. तो संदेश पुसून न टाकता वाचावा. वर्षातून दोनदा सर्व आदेशांची यादी काढून नको असलेले आदेश बंद करावेत.

चौथी पायरी आठवड्याच्या बैठकीची. जुने व्यापारी दिवस मावळताना रोजमेळ जुळवल्याशिवाय दुकान वाढवीत नसत. रोजचा मेळ जमणार नसेल, तर रविवारी सकाळी चहाबरोबर वीस मिनिटे पुरेत. तीनच कामे करावीत : खात्यांची शिल्लक पाहणे, आलेली पत्रे उघडणे आणि पुढच्या सात दिवसांतील देणी भिंतीवरील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहिणे. घड्याळ लावून बसावे आणि वीस मिनिटे झाली की उठावे. काम लहान आणि ठरलेले असले तरच ते सुरू होते. सोबत कोणी बसले असल्यास ते अधिक सहज पार पडते. त्याने मदत केलीच पाहिजे असे नाही.

पाचवी पायरी मोहाच्या वाटेत अडथळे घालण्याची. खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेली कार्डाची माहिती काढून टाकावी. सवलतींच्या सूचना बंद कराव्यात. दोन हजारांवरील वस्तू यादीत लिहावी आणि दोन रात्री उलटल्यावरच घ्यावी. पुष्कळदा तिसऱ्या दिवशी ती वस्तू आठवतही नाही. काही रक्कम मात्र मौजेसाठी मुद्दाम राखून ठेवावी; ज्या अंदाजपत्रकात आनंदाला जागा नसते, ते पहिल्याच आठवड्यात मोडते.

आजीचे डबे आणि भिशी

यांतील बऱ्याच युक्त्या मराठी घरांना नव्या नाहीत. फडताळातील किराणा, दूध आणि शाळा यांचे वेगवेगळे डबे म्हणजेच वेगळी खाती. दारावर रोज येणारा पिग्मीचा प्रतिनिधी म्हणजे आठवणीची चालतीबोलती घंटा. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही योजना पुढे असंख्य पतसंस्थांनी उचलली. भिशीत तर मैत्रिणींची भीड हप्ता चुकू देत नाही. ज्याला एकट्याने बचत जमत नाही, त्याच्याभोवती माणसांची चौकट उभी करण्याचे हे जुने उपाय आहेत.

तथापि, सुरक्षिततेचा विचार सोडू नये. तोंडी विश्वासावर चालणाऱ्या भिशीत पैसे बुडाल्यास दाद मागणे कठीण जाते. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. शहरातील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील गैरव्यवहार २०२३ मध्ये उघडकीस आल्यावर असंख्य ठेवीदारांची पुंजी अडकून पडली. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून रक्कम भरता येते आणि ती सरकारी हमीची आहे. चार हप्ते थकल्यास मात्र ते खाते खंडित होते. म्हणून हप्ता खात्यातून परस्पर वळता होईल अशी सोय करावी.

उत्पन्न अनियमित असलेल्या दुकानदारांनी, रिक्षाचालकांनी व स्वतंत्र व्यावसायिकांनी सर्व कमाई आधी एका खात्यात जमा करावी आणि त्यातून दरमहा एकाच तारखेला स्वतःला 'पगार' द्यावा. चांगल्या महिन्याची जास्तीची कमाई तेथेच राहते आणि मंदीच्या महिन्यात उपयोगी पडते.

घाईचे सौदे

उतावीळ मनाला झटपट लाभाचे आमिष लवकर भुलवते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. सतत हलणारे आकडे आणि क्षणाक्षणाचा थरार यांमुळे हे व्यवहार एडीएचडी असलेल्या व्यक्तीला विशेष ओढ लावू शकतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली असली, तरी विदेशी संकेतस्थळांचे जाळे संपलेले नाही.

बिडकीन परिसरातील 'तीस-तीस' योजनेचे प्रकरण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. औद्योगिक प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आलेल्या शेतकऱ्यांनी भरमसाट परताव्याच्या आशेने पैसे गुंतविले आणि ते अडकले. फसलेली ही सर्वसामान्य माणसे होती. थांबून विचार करणेच ज्याला कठीण जाते, त्याला अशा योजनांचा धोका अधिक, इतकाच येथे बोध घ्यावयाचा. ठराविक रकमेवरील कोणतीही गुंतवणूक घरातील दुसऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय आणि एक आठवडा उलटल्याशिवाय करू नये. घाईत चुकीच्या दुव्यावर बोट पडून खात्यातून पैसे गेल्यास लाजेने दिवस न दवडता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कर्ज आधीच झाले असेल तर

सर्वप्रथम एका कागदावर सर्व कर्जे लिहावीत : कोणाचे, किती, व्याज किती आणि हप्त्याची तारीख कोणती. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. विसरलेली कर्जेही त्यात सापडतात. सर्वाधिक व्याजाचे कर्ज आधी फेडणे गणिताने योग्य. तरीही एखादे लहान कर्ज आधी संपविल्याने उमेद वाढत असेल, तर तसे करण्यास हरकत नाही. अर्धवट सोडलेल्या उत्तम योजनेपेक्षा तडीस जाणारी साधी योजना बरी.

बँकेला टाळण्याऐवजी हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत जावे. हप्त्याची फेररचना करून मिळते का, हे लेखी विचारावे. अ‍ॅपवरून घाईने कर्ज घेतले असल्यास, ठरवून दिलेल्या फेरविचाराच्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाविना बाहेर पडता येते. वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सावकाराकडून किंवा दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढून पहिले फेडण्याचा मार्ग मात्र खोल गर्तेत नेतो.

एक सुखद शक्यताही आहे. नोकऱ्या व पत्ते बदलताना विसरलेल्या खात्यांत पैसे पडून असू शकतात. अशा बेवारस ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्‍गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे.

घरच्यांची साथ

या विकाराचा सर्वाधिक ताण जोडीदारावर पडतो. सगळी देणी त्याने किंवा तिने एकट्याने सांभाळायची आणि दुसऱ्याने मुलासारखे हात पसरायचे, अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही. एकाला थकवा येतो, तर दुसऱ्याला मानहानी वाटते. त्याऐवजी कामांची वाटणी व्हावी. ठरलेल्या तारखेचे भरणे एकाने पाहावे. किराणा, दुरुस्ती व प्रवासाची आखणी यांसारखी ताबडतोब फळ दिसणारी कामे दुसऱ्याने उचलावीत. खात्यांचे तपशील, विम्याची कागदपत्रे आणि कर्जांची यादी दोघांना ठाऊक असलेल्या एकाच पिशवीत असावी.

'पुन्हा विसरलास ना?' हा प्रश्न विसरलेले आठवून देत नाही. पुढची चूक लपविण्यास मात्र शिकवतो. लपविलेले कर्ज घराला अधिक घातक ठरते. त्यामुळे चूक सांगणाऱ्याला आधी ऐकून घ्यावे आणि मग पुढच्या वेळी कोणती सोय केली असती तर ती टळली असती, याचा विचार दोघांनी मिळून करावा.

थोडक्यात

* देणी, रोजचा खर्च आणि पगार यांची खाती वेगळी ठेवा. यूपीआय केवळ खर्चाच्या खात्याला जोडा.
* हप्त्यांच्या तारखा पगारानंतर लगेच येतील अशा बदलून घ्या.
* कार्डाच्या पूर्ण रकमेसाठी स्वयंचलित आदेश द्या.
* दर रविवारी वीस मिनिटे : शिल्लक, पत्रे, पुढील सात दिवसांची देणी.
* मोठ्या खरेदीपूर्वी दोन रात्री, गुंतवणुकीपूर्वी एक आठवडा थांबा.
* मालमत्ता कर, विमा, विवरणपत्र व पीपीएफ या वार्षिक देण्यांच्या तारखा दिनदर्शिका घरात येताच तिच्यावर लिहा.
* नोटीस आली तर त्याच दिवशी उघडा. भीती वाटत असल्यास दुसऱ्याच्या हातून उघडून घ्या.

हे सर्व एकाच महिन्यात साधावे असा आग्रह धरू नये. उत्साहाच्या भरात दहा बदल करून पंधरवड्यात सगळे सोडून देणे, हे याच विकाराचे लक्षण होय. या महिन्यात एक खाते वेगळे करावे आणि पुढच्या महिन्यात एक तारीख बदलून घ्यावी. घडी मध्येच विसकटली तर पुन्हा बसवावी. कपाटातील न उघडलेले पहिले पाकीट आज उघडले, तरी आरंभ झाला असे समजावे.